घरातले नेमके काय?

पहिलीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मुलांमधला फरक आपल्या लक्षात येतो. चित्रातली बकरी दाखवली की एखादे मूल पाच मिनिटे बोलत राहते, तर एखादे ‘बकरी’ एवढेच म्हणून गप्प बसते. “घरचे वातावरण,” असे म्हणून आपण पुढे जातो. पण घरातले नेमके काय? खाणे, पैसा, आईचे शिक्षण? या गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात, की नुसत्या निरीक्षणाने त्या सुट्या करता येत नाहीत. त्यासाठी प्रयोगच करावा लागतो.

असा एक प्रयोग १९८६-८७ मध्ये जमैकात, किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत सुरू झाला. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिने वयाची १२९ मुले निवडली. सगळ्यांचीच वाढ खुंटलेली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले. एका गटाला दर आठवड्याला किलोभर दुधाची पावडर मिळे. दुसऱ्या गटातल्या मुलांच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जाई. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळे, चौथ्याला यांपैकी काहीच नाही. हे दोन वर्षे चालले.

सेविका तासभर करी काय? आईला जवळ बसवून मुलाशी खेळे. खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंचीच. ती आठवडाभर घरी ठेवून पुढच्या खेपेला बदलायची. वस्तूंची नावे घ्यायची, मूल काही बोलले की त्याला उत्तर द्यायचे, जमले की शाबासकी द्यायची. शिकवायचे होते ते खरे तर आईला. या सेविका काही प्रशिक्षित शिक्षिका नव्हत्या, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

दोन वर्षांनी आहार आणि खेळ, दोन्हींचा फायदा दिसला. दोन्ही मिळालेली मुले सर्वांत पुढे होती. सात-आठ वर्षांच्या वयात मात्र फरक बराच पुसट झाला. तिथेच थांबले असते तर प्रयोग जवळजवळ फसला असेच सर्वांनी म्हटले असते. पण अकरा-बाराव्या वर्षी खेळ मिळालेल्यांची आघाडी पुन्हा स्पष्ट दिसली, आहाराची नाही. बाविसाव्या वर्षाच्या सुमारास १०५ जणांना गाठले, तेव्हा खेळ मिळालेल्यांची कमाई २५ टक्के अधिक होती. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून आहार बिनमहत्त्वाचा, असे कोणी समजू नये. ग्वाटेमालातल्या एका प्रयोगात अगदी तान्हेपणापासून पौष्टिक पेय मिळालेल्या मुलग्यांची मोठेपणची मजुरी वाढलेली आढळली आहे. जमैकातली मुले आहार सुरू झाला तेव्हा आधीच खुरटलेली होती.

बालवाडीचा विषय निघाला की अमेरिकेतल्या यप्सिलँटी गावचा, १९६२ साली सुरू झालेला पेरी प्रयोग हमखास सांगितला जातो. तिथल्या ५८ मुलांची बुद्ध्यंकातली आघाडी काही वर्षांत ओसरली, पण चाळिशीत त्यांच्या नोकऱ्या अधिक आणि अटका कमी होत्या. सांगायचे राहून जाते ते एवढेच, की सकाळी अडीच तास वर्ग घेणाऱ्या शिक्षिका दर आठवड्याला दीड तास प्रत्येक मुलाच्या घरीही जात. दोन्ही गोष्टी सगळ्यांनाच मिळाल्या. त्यामुळे यश वर्गाचे किती आणि घरातल्या त्या दीड तासाचे किती, हे त्या प्रयोगातून सांगताच येत नाही.