एका पानाचा पेपर

एका सत्कार समारंभात निवेदकाने पाहुण्या शास्त्रज्ञांची ओळख करून दिली ती आकड्यांनी. पेपर इतके, सायटेशन्स इतकी, एच-इंडेक्स इतका. रसायनशास्त्रात त्यांनी नेमकं केलं काय, हे शेवटपर्यंत कळलं नाही. टाळ्या मात्र दर आकड्याला पडल्या. ज्याला सायटेशन मिळतं, म्हणजे इतर संशोधक आपल्या पेपरात ज्याचा संदर्भ देतात, ते काम एकदा समोर बसून बघावं, म्हणून पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत गेले.

पीएचडी करणारी एक मुलगी ग्राफीन ऑक्साइड बनवत होती. फ्यूम हूडची काच अर्धी खाली ओढलेली. आत बर्फात काचेचं भांडं, त्यात तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, सोडियम नायट्रेट आणि ग्राफाइटची काळी पूड. त्यात पोटॅशियम परमँगनेट चिमटी-चिमटीने घालायचं. चिमूट टाकायची, तापमान बघायचं, थांबायचं. 20 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. परमँगनेट आणि तीव्र ॲसिड एकत्र आले की हिरवट, तेलकट संयुग तयार होतं आणि ते तापलं तर स्फोट होतो. हे तिने इतक्या सहज सांगितलं की मीच खुर्ची मागे घेतली. वास नायट्रोजन डायऑक्साइडच्या तांबूस वाफांचा, घशाला धरणारा. घरी पोचले तरी ओढणीला येत होता.

हूडच्या शेजारी भिंतीवर एक कागद चिकटवला होता, ॲसिडच्या थेंबांनी भोकं पडलेला. “हाच तो पेपर. एकच पान आहे, मॅडम.”

विल्यम हमर्स आणि रिचर्ड ऑफेमन यांचा, 1958 सालचा. दोघेही विद्यापीठातले नव्हेत, एका अमेरिकन कंपनीतले. 15 लिटरच्या बॅटरीच्या बरणीत त्यांनी 100 ग्रॅम ग्राफाइटवर ही कृती केली आणि दोन तासांच्या आत होते म्हणून लिहून टाकली. ब्रॉडी या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1859 मध्ये सांगितलेली मूळ कृती याहून वेळखाऊ आणि धोक्याची होती. पुढे कित्येक वर्षं त्या पानाकडे फारसं कुणी फिरकलं नाही. मग 2004 मध्ये मँचेस्टरच्या गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफीन, म्हणजे ग्राफाइटचा एकच सुटा थर, वेगळं करून दाखवलं, 2010 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि जगभरच्या प्रयोगशाळांना ग्राफाइटचे थर सुटे करायची स्वस्त कृती हवी झाली. आज त्या पानाची सायटेशन्स 20 हजारांच्या पुढे आहेत. एकच पान.

1958 आणि 2004 यांच्या मधल्या एखाद्या वर्षी हमर्स बढतीसाठी मुलाखतीला बसले असते, तर समितीने त्यांना काय विचारलं असतं?

एच-इंडेक्स ही सोय सॅन डिएगोच्या हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाची, 2005 सालची. 10 पेपर असे, की प्रत्येकाला किमान 10 सायटेशन्स, तर इंडेक्स 10. म्हणजे आयुष्यात एकच पेपर लिहिणाऱ्याचा इंडेक्स एक. मग सायटेशन्स 20 असोत की 20 हजार. आणि सायटेशनची सूची काढणारे युजीन गारफील्ड, मुळात रसायनशास्त्राचेच पदवीधर, यांनी 1960च्या दशकात ती काढली ती एका पेपरचा धागा पुढे कुठे गेला हे शोधता यावं म्हणून. माणसं तोलायचा तराजू तिचा नंतर झाला. मला विचाराल तर हमर्सचा आकडा खरा आहे, कारण त्यातल्या पुष्कळ सायटेशन्समागे बर्फात हात गारठलेलं कुणीतरी उभं आहे. त्याच जातीचा आकडा माणसाच्या गळ्यात घातला की खोटा वाटायला लागतो.

दरम्यान पाणी ओतून झालं, मिश्रण उकळीला आलं, थंड झालं. मग तिने हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं आणि तो तपकिरी गाळ बघता बघता हळदीसारखा पिवळा झाला. हे तिने बरेचदा केलेलं असणार, तरी तिने मला हाताने जवळ बोलावलं. “हे बघा, हे बघा.”

पुढे धुणं. दोन तासांची कृती पेपरात. धुण्याला दिवस जातात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, वरचं पाणी ओता, नवं घाला, पुन्हा फिरवा. आम्लता उतरत गेली की ऑक्साइड फुगून जेलीसारखं होतं आणि तळाला बसायचं नाव घेत नाही. बर्फ आणणारे, नळ्या घासून वाळत घालणारे मामा इथे निम्म्या कामाचे धनी. त्यांचं नाव पेपरच्या आभारातही नसतं, असं तिनेच सांगितलं.

नळ्या फिरत होत्या तेवढ्यात तिने लॅपटॉप उघडला. तिच्या स्वतःच्या पेपरवर परीक्षकाचे शेरे आले होते. शेवटचा शेरा असा, की खालील पाच पेपरांचा संदर्भ दिल्यास लेख अधिक समृद्ध होईल. पाचही एकाच गटाचे, त्यातले तीन तर बॅटरीवरचे. हिचं काम पाणी शुद्ध करण्याचं.

“घालणार?”

“दोन घालेन म्हणत होते. सर म्हणाले, वाद कशाला, पाचही घाल.”

सेंट्रिफ्यूज थांबला. ती नळ्या काढायला उठली.