साबुदाणा न चालणारा उपास

"टीबी तर नाही ना गं?" सांगलीहून सासूबाईंनी फोनवर विचारलं. इथे लेस्टरमध्ये डॉक्टरांनीही पहिल्यांदा तेच विचारलं होतं. नवऱ्याच्या छातीच्या एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी गाठी सुजलेल्या होत्या. भारतात वाढलेला माणूस, खोकला, वजन उतरलेलं. संशय तिकडेच जाणार. टीबीची रक्तचाचणीही पॉझिटिव्ह आली. पण ती चाचणी संसर्ग कधीतरी झाला एवढंच सांगते, आजार आत्ता चालू आहे का ते नाही.

त्याआधी सहा महिने लाल डोळ्यासाठी थेंब चालू होते. धडधडीवर ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला मिळाला होता. या सगळ्याचं मूळ एकच असेल, हे आमच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर डॉक्टरांच्याही नाही.

सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिकांच्या कडेने बारीक दाणे दिसले आणि ‘सार्कॉइडोसिस’ हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. श्वासनलिकेत दुर्बीण घालून गाठीचा नमुना घेतला. टीबीत बहुधा दिसतो तसा चीजसारखा मृत गाभा त्यात नव्हता. तरी जंतू वाढतात का ते कळायला आठवडे गेले. घाईने स्टेरॉइड दिलं असतं आणि टीबी निघाला असता, तर तो उसळला असता.

ईसीजी बिघडलेला, म्हणून हृदयाचा एमआरआय झाला. त्यात एक डाग दिसला. तो जुना व्रण की धगधगणारी सूज, हे पाहायला पेट स्कॅन. त्यात साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ टोचतात. सुजलेल्या पेशी तो ओढून घेतात. अडचण अशी, की निरोगी हृदयही साखर खातं. म्हणून आदल्या दिवशी त्याला साखर मिळू द्यायची नाही: पोळी, भात, डाळ, फळं, साखरेचा चहा सगळं बंद. अंडी, पनीर, लोणी खायचं आणि मग रात्रभर उपास. ‘उपास’ ऐकताच सासूबाई म्हणाल्या, "मग साबुदाण्याची खिचडी कर की!" नेमकी तीच चालत नव्हती.

स्कॅनमध्ये छातीतल्या गाठी, प्लीहा आणि हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा उजळला होता. धडधड तिथून येत होती.

स्टेरॉइड सुरू झालं, सोबत निद्रिस्त टीबी उठू नये म्हणून गोळ्या. खोकला गेला, डोळाही निवळला. हृदयाचं मात्र नुसतं बरं वाटण्यावरून ठरत नाही. पुढच्या मंगळवारी दुसरा पेट स्कॅन आहे. फ्रिजमध्ये पनीर आणून ठेवलंय.