डॉक्टरांच्या संशोधनाला वेळ कोण देणार?

कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत असत. विषामुळे हृदयावर नेमका काय परिणाम होतो, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून टिपले. त्यांची निरीक्षणे 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा वापर सुरू झाला आणि तीस-चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले. हे उदाहरण देऊन ‘इच्छा असली की संशोधन होतेच’ असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. एका माणसाची असामान्य चिकाटी ही व्यवस्था होऊ शकत नाही. डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी देशातल्या 579 वैद्यकीय संस्था तपासल्या, तेव्हा 2005 ते 2014 या दहा वर्षांत त्यांतल्या 332 संस्थांमधून एकही शोधनिबंध निघाला नव्हता. एवढ्या सगळ्या डॉक्टरांना कुतूहलच नसेल, हे संभवत नाही.

एमडी-एमएस करताना प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. नोकरी लागल्यावर मात्र ओपीडी, शस्त्रक्रिया, अध्यापन, परीक्षा आणि पोलीस केसचे कागद यांत दिवस संपतो. संशोधन उरते रात्रीसाठी. नैतिकता समितीची परवानगी मिळवून रुग्णांचा दोन-तीन वर्षे पाठपुरावा करावा, तर मध्येच बदलीचा आदेश येतो. आयसीएमआरसारखी संस्था निधी देते, पण निधीतून आठवड्याचा मोकळा दिवस मिळत नाही. बढतीसाठी शोधनिबंधांची अट मात्र आहे. वेळ न देता निबंध मागितला की पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावते, आणि खरे काम करणारा मागे पडतो.

रांगेत रुग्ण ताटकळत असताना डॉक्टरला संशोधनासाठी सुट्टी कशी द्यायची, हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण त्या रांगेतले विंचूदंश, सर्पदंश, क्षयरोग हे प्रश्न श्रीमंत देश आपल्यासाठी प्राधान्याने सोडवणार नाहीत. शिवाय सगळ्यांनाच मोकळे करायचे नाही. प्रत्येक महाविद्यालयात ज्यांना ओढ आहे अशा चार-पाच जणांचा आठवड्यातला दीड-दोन दिवसांचा वेळ नेमणूकपत्रातच लिहून द्यावा, त्यांच्या जागी ओपीडीला माणूस नेमावा आणि प्रकल्प संपेपर्यंत बदली थांबवावी. वैद्यकीय शिक्षण विभागाने याची सुरुवात सरकारी महाविद्यालयांपासून करावी.