लेकीच्या पाठीला ब्रेस लागला तर…

मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली आणि एक दिवस लक्षात आलं की तिचा एक खांदा वर आहे, कुर्ती एका बाजूने लोंबते, पुढे वाकली की पाठीचा एक भाग उंच दिसतो. डॉक्टर एक्स-रे पाहून ‘स्कोलिओसिस’ म्हणजे पाठीचा कणा बाजूला वळल्याचं सांगतात आणि ब्रेस लिहून देतात. घरात लगेच चर्चा सुरू होते, लोक काय म्हणतील, पुढे लग्नात अडचण येईल का? खरं तर विचारायला हवं ते हे, की ती दिवसातले किती तास ब्रेस घालणार?

वाढीच्या वयात वक्रता साधारण २५ ते ४० अंश असेल तर ब्रेस सुचवला जातो. तो कणा सरळ करत नाही, वाढ पूर्ण होईपर्यंत बाक वाढू देत नाही. ५० अंशांपुढे गेल्यास बहुधा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक ५० अंशांच्या आत राहिला, ब्रेस न वापरणाऱ्यांमध्ये ४८ टक्के. ज्यांनी रोज सरासरी १३ तासांहून जास्त घातला, त्यांच्यात यश ९० टक्क्यांच्या पुढे होतं. सहा तासांच्या आत घालणाऱ्यांना जवळपास काहीच फायदा झाला नाही. म्हणून डॉक्टरांनी १८ तास सांगितले असतील तर ‘शाळेत नको, घरी आल्यावर घाल’ हा लाड महागात पडतो.

पहिले काही दिवस कठीणच. तास हळूहळू वाढवा. आत शिवण नसलेला, अंगाबरोबर बसणारा सुती बनियन हवा आणि त्याला सुरकुती नको. घामाच्या दिवसांत दोन-तीन वेळा बदला. मुलीला आडवं झोपवून पट्टे आवळले तर ब्रेस जागेवर बसतो. पट्टा कुठपर्यंत आवळायचा ती खूण ऑर्थोटिस्टकडून करून घ्या. त्वचेवर क्रीम किंवा पावडर लावू नका, त्वचा मऊ पडून सोलते. ब्रेस काढल्यावर दिसणारी लाली अर्ध्या तासात गेली तर काळजी नाही. राहिली, फोड आला किंवा जखम झाली तर ऑर्थोटिस्टला दाखवा, घरीच कापूस कोंबू नका. निकर ब्रेसच्या वरून घातली तर शौचालयात सोपं जातं. ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

कपड्यांसाठी एक माप मोठी, सैल कुर्ती पुरते. वर्गशिक्षिकेला आधीच भेटा. खेळ, पोहणं आणि व्यायामासाठी ब्रेस काढता येतो का, ते डॉक्टरांना विचारा, बहुतेकदा परवानगी मिळते. मुलगी भराभर उंच होत असेल तर ब्रेस लवकर आखूड पडतो, म्हणून तपासणीची तारीख चुकवू नका.

आणि आजी ‘दप्तराच्या ओझ्यानं झालं’ म्हणाली, तर तिला समजावा. या वयातल्या बहुतेक स्कोलिओसिसचं नेमकं कारण सापडत नाही. दप्तर, झोपायची सवय किंवा आईचं दुर्लक्ष यांपैकी कशानेही तो होत नाही. हे मुलीच्या कानावर पडू द्या, कारण ती स्वतःलाच दोष देत असते. ब्रेस कपाटात लपवायला लागली तर रागावण्याआधी कुठे टोचतो ते विचारा. पुष्कळदा खरोखरच टोचत असतो आणि ऑर्थोटिस्टकडे दहा मिनिटांत कड घासून मिळते.