माउंट लॉरेल : शेतमळ्यांची टाउनशिप

'टाउनशिप' हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे; पण तो उच्चारताच डोळ्यांपुढे येते ती एखाद्या कारखान्याने अथवा इमारती बांधणाऱ्या कंपनीने वसविलेली वसाहत. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात या शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे. तेथे टाउनशिप म्हणजे स्थानिक स्वराज्याचा एक घटक. तीत शेते असतील, रान असेल, दूरदूर विखुरलेली घरे असतील, एखादा बाजारही असेल; पण कारभार एक, हद्द एक आणि तिजोरी एक. त्या राज्यातील तसूभर जमीनही कोणत्या ना कोणत्या स्थानिक संस्थेच्या हद्दीबाहेर नाही. अशा एकंदर ५६४ संस्था तेथे आहेत, आणि आपल्या हद्दीत कोणी, कोठे, केवढे घर बांधावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येकीकडे आहे. वरवर पाहता ही बाब रुक्ष वाटते. ती किती लोकांच्या जीवनाला भिडते, हे माउंट लॉरेल या टाउनशिपच्या इतिहासावरून दिसून येते.

नकाशावर फिलाडेल्फिया शहर शोधून काढावे आणि डेलावेअर नदीवरील बेंजामिन फ्रँकलिन पूल ओलांडून पूर्वेस यावे. आधी कॅमडेन हे जुने, कष्टकऱ्यांचे शहर लागते. तेथून सुमारे सात मैलांवर माउंट लॉरेलची शीव सुरू होते. क्षेत्रफळ २२ चौरस मैल, म्हणजे जवळजवळ १४,००० एकर. जमीन बहुतेक सपाट. नावात पर्वत असला तरी प्रत्यक्षात तेथे आहे ती एक लहानशी टेकडी. या मुलखात प्रथम शेती वाढविली ती क्वेकर पंथाच्या लोकांनी. त्यांचे १७६० साली बांधलेले दगडी सभागृह आजही उभे आहे. १८७२ साली माउंट लॉरेलने एव्हशॅम टाउनशिपपासून आपली चूल वेगळी मांडली. अमेरिकन स्त्रियांच्या मताधिकारासाठी तुरुंगवास पत्करणारी ॲलिस पॉल १८८५ साली येथल्याच एका क्वेकर कुटुंबात जन्मली.

क्वेकर लोक गुलामगिरीच्या विरुद्ध होते. दक्षिणेकडून निसटून आलेल्या कृष्णवर्णीयांना या भागात आसरा मिळाला, आणि त्यांतील कित्येक कुटुंबे येथेच स्थायिक झाली. पिढ्यान् पिढ्या ती दुसऱ्यांच्या मळ्यांत राबली. स्प्रिंगव्हिल ही त्यांची वस्ती, आणि जेकब्स चॅपेल हे त्यांचे प्रार्थनामंदिर.

१९५० साली साऱ्या टाउनशिपची लोकसंख्या अवघी २,८१७ होती. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने त्यांत जेमतेम सहाशेंची भर पडली होती. पुढे मात्र चित्र झपाट्याने पालटले. १९५१ साली टर्नपाइक हा मोठा टोलमार्ग या भागातून खुला झाला; मोटारीने शहरात कामाला जावे आणि संध्याकाळी हिरव्या अंगणाच्या घरी परतावे, ही राहणी मध्यमवर्गाला परवडू लागली. १९६० साली लोकसंख्या ५,२४९ झाली, १९७० साली ११,२२१. तरीही त्या सुमारास ६५ टक्के जमीन पडीक होती किंवा शेतीखाली होती. धड खेडे नव्हे आणि धड शहरही नव्हे, अशी ही मधली अवस्था. अशाच अवस्थेत नियम करणाऱ्यांच्या हाती मोठी सत्ता येते. कारण पुढे काय उभे राहायचे ते अजून कागदावरच असते.

१९६४ साली टाउनशिपने जमिनीच्या वापरासंबंधीचा आपला कायदा केला. त्यान्वये निवासी विभागांत फक्त एका कुटुंबाचे सुटे घर बांधता येई. चाळवजा जोडघरे, अनेक बिऱ्हाडांच्या इमारती, चाकांवरची स्वस्त घरे, कशालाच मुभा नव्हती. घराखालची जमीन अमुक इतकी हवी, घराची रुंदी आणि आतली जागा इतकी हवी, असे दंडक होते. ४,१२१ एकर, म्हणजे एकूण जमिनीच्या २९ टक्क्यांहून अधिक भाग उद्योगांसाठी राखून ठेवला होता. त्यांतील जेमतेम शंभर एकरांवर पुढे प्रत्यक्ष उद्योग आले. उरलेल्या जमिनीवर कोणी घरे बांधावयाची नाहीत.

यामागचे कारण हिशेबी होते. स्थानिक शाळांचा मोठा खर्च तेथे घरजमिनीवरील करांतून चालतो. मोठ्या घराचा कर मोठा. लहान घराचा कर थोडा, आणि त्यांतली मुले मात्र शाळेत येणारच. कारखाना कर देतो आणि मुले पाठवीत नाही. मोठ्या नियोजित वसाहतींना टाउनशिपने पुढे जी परवानगी दिली तिच्या अटी तर वाचण्यासारख्या आहेत. एका शयनगृहाच्या बिऱ्हाडात शाळकरी मूल राहता कामा नये. दोन शयनगृहे असतील तर अशी मुले दोहोंपेक्षा अधिक नकोत. अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींतून दर बिऱ्हाडामागे सरासरी ०.३ हून अधिक मुले शाळेत आल्यास वाढीव मुलांच्या शिक्षणाचा खर्च बांधणाऱ्याने भरावा! शाळेसाठी मूल असते, मुलासाठी शाळा नव्हे, असा उलटा न्याय येथे कायद्याच्या भाषेत लिहिला गेला होता. तो लिहिणारी माणसे दुष्ट होती असे मात्र मानण्याचे कारण नाही. शेजारच्या टाउनशिपही हेच करीत होत्या.

याची झळ लागली ती स्प्रिंगव्हिलला. तेथील काही कुटुंबे कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांत डागडुजी करून राहत होती. टाउनशिपने अशा जागा राहण्यास अयोग्य ठरविल्या, ते रास्तच होते. पण पर्यायी घरे कोठून आणायची? वस्तीतील लोकांनी ३६ बिऱ्हाडांची एक साधी योजना पुढे केली. ती कायद्यात बसेना. १९७० साली एका रविवारी महापौरांनी त्यांच्याच प्रार्थनामंदिरात येऊन सांगितले की, ज्यांना येथे राहणे परवडत नाही त्यांनी दुसरीकडे जावे. समोर बसलेल्यांत एथेल लॉरेन्स ही बालवाडीची शिक्षिका होती. तिचे घराणे कित्येक पिढ्या याच मातीत राबले होते. जिने खेडे आपले मानले तिलाच परके ठरविणारे ते शब्द होते. कॅमडेनमधील गरिबांच्या बाजूने लढणारे तरुण वकील तिच्या मदतीस आले, आणि ती वादी झाली.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २४ मार्च १९७५ रोजी लागला. तो न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांनी लिहिला. १९६२ सालीच अशाच एका दाव्यात बहुमताविरुद्ध मत नोंदविणारे हे न्यायाधीश. टाउनशिपने वर्णद्वेषापोटी नियम केले नाहीत, हे तिच्या वकिलांचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले, आणि तरीही नियम रद्द ठरविले. युक्तिवाद असा : जमिनीच्या वापरावर नियंत्रण ठेवण्याची सत्ता मूळ राज्याची, टाउनशिपला ती सोपविली गेली ती लोककल्याणासाठी. मग लोक कोणते? केवळ शिवेच्या आत राहणारे नव्हेत, तर भोवतालच्या सबंध प्रदेशातील. वाढत्या टाउनशिपने प्रदेशातील गरजूंच्या घरांचा न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. निकाल राज्याच्या घटनेवर आधारलेला असल्यामुळे त्याची मुळे पक्की होती.

निकाल झाला, घरे झाली नाहीत. टाउनशिपने अवघे २० एकर मोकळे केले. एकूण जमिनीच्या पाव टक्काही नव्हे. प्रकरण पुन्हा न्यायालयात आले. २० जानेवारी १९८३ रोजी मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट विलेंट्झ यांच्या न्यायालयाने आधीचा निकाल उचलून धरला आणि त्याला दात बसविले. योग्य प्रमाणात स्वस्त घरे बांधणाऱ्या कंत्राटदाराची परवानगी टाउनशिपने अडविल्यास न्यायालय ती देऊ शकेल, असे ठरले. राज्यभर मोठी ओरड झाली. १९८५ साली विधिमंडळाने कायदा करून हे काम एका मंडळाकडे दिले. शिवाय, आपल्या वाट्याची निम्म्यापर्यंत घरे पैसे देऊन दुसऱ्या गावी बांधविण्याची पळवाटही ठेवली. ती २००८ साली बुजविण्यात आली.

एथेल लॉरेन्स १९९४ साली वारली. तिच्या नावाची वसाहत तेव्हा कागदावरही मंजूर नव्हती. १९९७ साली, गर्दीने भरलेल्या सभांतील कडवट विरोधानंतर, मंजुरी मिळाली. २००० साली पहिली कुटुंबे राहावयास आली. आज तेथे १४० बिऱ्हाडे आहेत. दुमजली, बागबगीचा असलेली ही घरे भोवतालच्या वसाहतींहून वेगळी ओळखू येत नाहीत. प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी व त्यांचे सहकारी यांनी या वसाहतीचा अभ्यास २०१३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. चोऱ्यामाऱ्या वाढतील, घरांच्या किंमती घसरतील, कर चढतील, हे आक्षेप त्यांनी आकड्यांवर तपासले. वसाहतीमुळे यांपैकी काहीही घडल्याचे आढळले नाही. उलट, येथे राहावयास आलेल्यांची मिळकत वाढली, मनावरचा ताण उतरला, आणि मुले अधिक चांगल्या शाळांत जाऊ लागली. एका वसाहतीवरून सर्वत्र तसेच होईल असे म्हणता येणार नाही. पण विरोधकांचे भय या ठिकाणी तरी खरे ठरले नाही.

माउंट लॉरेलची लोकसंख्या २०२० च्या शिरगणतीत ४४ हजारांवर गेली. मळ्यांच्या जागी आता कचेऱ्या, हॉटेले आणि वसाहती आहेत. घरांचा वाद मात्र राज्यात संपलेला नाही. १९८५ साली नेमलेले मंडळ कामच करीत नाही म्हणून २०१५ साली न्यायालयाने हा विषय पुन्हा आपल्याकडे घेतला. मार्च २०२४ मध्ये नवा कायदा होऊन ते मंडळ मोडीत निघाले, आणि २०२५ ते २०३५ या दहा वर्षांत आपल्या वाट्याची घरे कोठे होणार, याचा आराखडा प्रत्येक स्थानिक संस्थेने ३० जून २०२५ पर्यंत तयार करावा, असे बंधन घालण्यात आले. त्या आकड्यांवरून काही गावे पुन्हा न्यायालयाची पायरी चढली आहेत.