पाळण्यातलं नाव, मोबाईलमधला अर्थ

'आरव' या नावाचा अर्थ मोबाईलवर शोधला तर बहुतेक याद्या 'शांत' असं सांगतात. संस्कृत कोशात मात्र आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा, आक्रोश. रात्री दोन वाजता ज्यांच्या घरचा आरव जागा असतो, त्यांना यातला खरा अर्थ कोणता हे सांगायला नको. नाव कानाला गोड आहे, हाक मारायला सोपं आहे, अक्षयकुमारच्या मुलाचं आहे. एवढ्यावर ठेवलं असतं तरी काही बिघडलं नसतं. पण हल्ली नावाला अर्थ लागतो, तोही संस्कृत आणि शक्यतो एखाद्या देवाशी नातं सांगणारा. तो नसला की बनवला जातो. नव्या नावांतली मला खटकणारी गोष्ट हीच.

घराघरांतली कुरकुर मात्र वेगळी असते. कियारा, मायरा, आयरा ही कसली परकी नावं, जीभच वळत नाही, असं आजी म्हणते. संस्कारांचे नियम सांगणारं पारस्कर गृह्यसूत्र काही तिच्या बाजूने उभं राहणार नाही. मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं असावं, मुलीचं विषम अक्षरांचं आणि शेवटी 'आ' असलेलं, असा तिथला नियम. नावाच्या घडणीची व्याकरणातली एक अटही तिथे आहे; ती तेवढी बाजूला ठेवली तर कियारा या परीक्षेत पास होते. हे नाव २०१० च्या 'अंजाना अंजानी' या हिंदी सिनेमात प्रियांका चोप्राच्या पात्राचं होतं. आलिया अडवाणी सिनेमात आली तेव्हा आलिया भट्ट हे नाव आधीच लोकांच्या तोंडी होतं, म्हणून तिने कियारा हे नाव घेतलं आणि मग ते बारशांत शिरलं.

सिनेमावरून नाव ठेवण्यात ज्यांना उथळपणा दिसतो त्यांनी लता मंगेशकरांचं उदाहरण पाहावं. त्यांचं पहिलं नाव हेमा. वडील दीनानाथ यांनी रंगभूमीवर आणलेल्या, राम गणेश गडकऱ्यांच्या 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून त्या लता झाल्या. गडकऱ्यांचं नाटक भारदस्त आणि हिंदी सिनेमा हलका, ही प्रतवारी आपण करायची. नाव ठेवण्याची रीत दोन्हीकडे एकच. रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी. १९७३ साली जन्मलेल्या धाकट्या मुलासाठी त्यांनी नाव उचललं ते संगीतकार सचिनदेव बर्मन यांचं. सुनील गावसकरांच्या मुलाचं पूर्ण नाव रोहन जयविश्व: रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ, असे तीन फलंदाज एकाच जन्मदाखल्यात. गयानातल्या क्रिकेटपटूवरून आलेला हा रोहन आज देशपांड्यांकडे असतो, शिंद्यांकडे असतो आणि कुणालाही तो परका वाटत नाही. कियाराचंही तेच होईल. पुढे आपल्या नातीचं नाव ऐकून तीही नाक मुरडेल.

चीड यावी असं आपल्या नामकरणात पुष्कळ होतं, पण ते जुन्या नावांत होतं. ब्राह्मणाचं नाव मंगलवाचक असावं, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात हे सरळ लिहून ठेवलेलं आहे. केरू, कचरू, उकिरडा ही नावं आपण विनोदी नाटकांत ऐकून हसलो. त्यांतली काही भीतीपोटी ठेवलेली असत, हेही खरं. आधीची मुलं दगावली की पुढच्याचं नाव मुद्दाम ओबडधोबड ठेवायचं, म्हणजे दृष्ट लागणार नाही. दगडू, धोंडू, भिकू हे त्या भीतीचे वंशज आणि ते सगळ्या जातींत सापडतात. महर्षी कर्वे धोंडो होते. पुण्याच्या सोन्याने मढलेल्या गणपतीच्या नावात दगडूशेठ आहेत. पण धोंडोपंत म्हणवून घेणं आणि गावाने धोंड्या म्हणून पुकारणं यांत सगळी जातव्यवस्था सामावलेली आहे.

म्हणूनच महाराष्ट्रातली नामकरणाची सर्वांत मोठी लाट मला सिनेमाची वाटत नाही. ती १९५६ च्या धर्मांतराची. बाबासाहेबांनी त्याआधीच मुंबईच्या कॉलेजला सिद्धार्थ आणि औरंगाबादच्या कॉलेजला मिलिंद ही नावं देऊन दिशा दाखवली होती. पुढे घरोघरी सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, आनंद, सुजाता, प्रज्ञा, यशोधरा आल्या. ज्यांच्यावर शतकानुशतकं नाव लादलं गेलं, त्यांनी ते निवडून ठेवलं. ती नावं इतकी देखणी होती की पुढे सगळ्यांनीच घेतली, कुठून आली हे बऱ्याचदा न विचारता.

मुलींची वेळ त्याहून उशिरा आली. मुलगा हवा असताना झालेल्या मुलीचं नाव 'नकोशी' किंवा 'नकुसा' ठेवायची रीत सातारा भागात अगदी अलीकडेपर्यंत होती. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात समारंभ करून अशा दोनशेहून अधिक मुलींना नवी नावं दिली गेली. काहींनी वैशाली घेतलं, काहींनी सावित्री. काहींनी सिनेमातलं ऐश्वर्या निवडलं. फिल्मी नावांवर तोंड वाकडं करताना मला या मुली आठवतात आणि मी गप्प बसतो.

मग आजची विचित्र नावं येतात कुठून? एक कारण असं की आजच्या आईबापांच्या वर्गात संदीप, अमोल, सचिन दोन-दोन, तीन-तीन होते. हजेरीला आडनावाशिवाय भागत नसे. आपल्या मुलावर ती वेळ नको. दुसरं कारण पंचांगातलं. २७ नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणून १०८ आणि प्रत्येकाला एक अक्षर. हस्ताच्या वाट्याला 'पू, ष, ण, ठ' येतं. आता 'ण'वरून काय नाव ठेवणार? पूर्वी ही अडचण नव्हती, कारण जन्मनाव पत्रिकेत राहायचं आणि व्यवहाराचं नाव वेगळं. आता दोन्ही एकच हवं, शिवाय ते दुसऱ्या कुणाचं नको. मग कारखाना सुरू होतो. शिवांश, रुद्रांश, देवांश इथवर ठीक. त्या त्या देवाचा अंश. पुढे रेयांश. यादीत त्याचा अर्थ 'प्रकाशकिरणाचा अंश' असा दिसतो, म्हणजे अर्धा किरण इंग्रजी आणि अंश संस्कृत. या अंशांच्या गर्दीत अकरावे जैन तीर्थंकर श्रेयांसनाथही सापडले. त्यांचा 'स' घासून 'श' करून सर्रास 'श्रेयांश' लिहिलं जातं. आईबापांच्या नावांचे तुकडे जोडणं हा आणखी एक प्रकार. प्रशांत आणि अश्विनीची प्रश्वी. तिथे निदान कुणी ऋग्वेदाचा हवाला देत नाही.

अंकशास्त्राला मात्र माफी नाही. खाल्डियन पद्धतीत इंग्रजी अक्षरांना एक ते आठ आकडे दिलेले असतात आणि नावातल्या अक्षरांची बेरीज करतात. बेरीज बसेना की जादा 'ए' घाला, एकाने वाढते. 'एच' घाला, पाचाने. अथर्वचं देवनागरीत काहीच बदलत नाही, भाग्य तेवढं इंग्रजी स्पेलिंगमध्ये. त्याची किंमत पुढे मोजावी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, सरकारी नोकरी अशा कामांना जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. आधारवरचं नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं. त्यापुढे राजपत्राच्या वाऱ्या. शिवाय राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आधी आईचं, मग वडिलांचं नाव लिहायचं आहे. म्हणजे जुळवायची स्पेलिंगही वाढली.

आणि घाई खरं तर कायद्याची नसते. जन्माची नोंद नावाशिवायही होते. त्यानंतर बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. नोंदणी कार्यालय थांबायला तयार असतं; थांबायला तयार नसतो तो बारशाच्या पडद्यावर आणि फुग्यांवर नाव छापून देणारा.