जुना ट्रॅक्टर घेताय? रंगावर जाऊ नका!

पेरणीचे दिवस जवळ आले की जुन्या ट्रॅक्टरच्या बाजाराला तेजी येते. नवा परवडत नाही, भाड्याचा वेळेवर मिळत नाही. मग तालुक्याच्या गावी उभा असलेला, ताजा रंग मारलेला ट्रॅक्टर डोळ्यांत भरतो. रंगाला फार पैसे लागत नाहीत. इंजिन बांधायची वेळ आली तर मात्र हंगामाची कमाई त्यातच जाते. म्हणून विसार देण्याआधी अर्धा दिवस मोडा आणि ओळखीचा मिस्त्री सोबत न्या.

सकाळी जा, आणि ‘आम्ही येईपर्यंत चालू करू नका’ असे मालकाला आधीच सांगा. इंजिन गरम लागले तर शंका घ्यावी. थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग नको. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी उतरले आहे, असे समजा. चालू करताना थोडा धूर येणारच. पण तापल्यावरही निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळते आहे. काळा धूर थांबेना तर नोझल, पंप, एअर क्लीनर पाहावा.

खरी परीक्षा रानात. नांगर जोडून अर्धा तास चालवा. ओढ आल्यावर गिअर निसटतो का, क्लच घसरतो का, ते कळेल. मग नांगर उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटे लांब उभे राहा. नांगर भराभर खाली बसला तर हायड्रॉलिकचे काम निघणार. पीटीओ फिरवून बघा, पुढची चाके जॅकवर घेऊन हलवा. मीटरवरच्या कमी तासांना भुलू नका; मीटर बदलता येतो. घासलेले पेडल आणि झिजून लांबट झालेली हुकाची भोके पाहा.

आता कागद. चासी आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. बँकेचा बोजा असेल तर ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा.

गावात स्टॅम्प पेपरवर लिहून, चार जणांच्या सह्या घेऊन व्यवहार पुरा झाला असे मानतात. साक्षीला बसणाऱ्या पोलिस पाटलांनी आणि सोसायटीच्या सचिवांनी हे ध्यानात घ्यावे : नोंदणीत ज्याचे नाव, तोच मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघात भरपाईच्या प्रकरणात सांगितले. म्हणजे ट्रॅक्टर विकून मोकळा झालेला शेतकरीही दुसऱ्याच्या अपघातात अडकू शकतो.

‘दुसरे गिऱ्हाईक आलेय, आत्ताच ठरवा’ असे कोणी म्हणाले, तर खुशाल त्याला देऊ द्या. तपासू न देणाऱ्याचा ट्रॅक्टर स्वस्तातही महागच पडतो.